पासिंगपुरते थेंब

मिस्त्रींच्या हाताखालून गेलेली गाडी तपासणीत नापास झाली, असं तेवीस वर्षांत एकदाच घडलं होतं. तेव्हाही दोष गाडीचा नव्हता, मालकाने तपासणीच्या साहेबाशी हुज्जत घातली होती. बाकी गाडी कितीही खिळखिळी असो, मिस्त्री तिला चार दिवसांत साहेबासमोर उभी करायचे आणि दुपारच्या आत दाखला हातात पडायचा. धंद्याच्या जुन्या गाडीला रस्त्यावर चालायचा हा दाखला दर वर्षी नव्याने घ्यावा लागतो, त्याला सगळे पासिंग म्हणतात. गावभर गॅरेजं पुष्कळ होती, पण पासिंगची गाडी यायची ती मिस्त्रींकडे.

त्यांच्या गॅरेजात मागच्या भिंतीला चार चांगले टायर टेकवून ठेवलेले असत. ते कुठल्याच गाडीचे नव्हते. तपासणीच्या दिवशी सकाळी ते गाडीला चढायचे आणि दाखला मिळाला की उतरायचे. मग गाडी आपल्या जुन्या गुळगुळीत टायरांवर घरी जायची. हॉर्नचं, दिव्यांचं, धुराचंही तसंच. त्या दिवसापुरतं सगळं ठाकठीक.

"साहेब वर्षातनं एक दिवस बघतो," मिस्त्री म्हणायचे. "त्या एका दिवशी गाडीनं शहाण्यासारखं वागावं. पुढं तिचं ती बघेल."

ऐकणारे हसायचे. बोलणाऱ्याचं तोंड गोड असलं की बोलण्यातला खोटेपणा कुणाला बोचत नाही. मिस्त्री माणूस म्हणून वाईट होते असं नाही. सुपारीच्या खांडालाही न शिवलेला, कुणाचा नट-बोल्टही न ठेवून घेणारा माणूस. पण धंद्यात वेळ मारून न्यायची एकदा सवय लागली, की ती गॅरेज बंद करताना कपड्यांबरोबर खुंटीला टांगून येता येत नाही. ती घरी येते.

अशा माणसाला काचबिंदू झाला.

झाला म्हणजे, कळला. गेले होते जवळच्या चष्म्यासाठी, कारण नट-बोल्टचे बारीक आटे दिसेनासे झाले होते. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई वयाने त्यांच्या मुलीएवढ्या. त्यांनी डोळ्याचा दाब मोजला, पुन्हा मोजला, मग एका मोठ्या वाडग्यासारख्या यंत्रात तोंड घालून बसवलं. आत कुठेकुठे बारीक दिवे लुकलुकायचे, दिसला की हातातलं बटण दाबायचं. त्यातून एक कागद निघाला. कागदावर डाव्या डोळ्याच्या कडेला थोडी राखाडी छटा होती, बोट पुसल्यासारखी.

"काका, तुम्हाला काचबिंदू आहे."

"काढून टाका की मग. आमच्या थोरल्या भावाचा काढला, दुसऱ्या दिवशी पेपर वाचत होता."

"तो मोतीबिंदू. तो काढता येतो. यात डोळ्यातल्या दाबानं मागची नस मरत जाते. आधी कडेकडेचं दिसणं जातं, आणि इतकं हळू जातं की माणसाला पत्ता लागत नाही. गेलेलं परत आणता येत नाही. आहे ते मात्र राखता येतं. रोज संध्याकाळी दोन्ही डोळ्यांत एकेक थेंब, न चुकता, जन्मभर."

"पण मला दुखत-खुपत काही नाही."

"हीच तर पंचाईत आहे यात," डॉक्टर म्हणाल्या.

बाहेर सिस्टरने थेंब कसे घालायचे ते दाखवलं. हात साबणाने धुवायचे. मान मागे, खालची पापणी बोटाने ओढून खळगा करायचा, त्यात एकच थेंब. बाटलीचं टोक पापणीला, डोळ्याला, बोटाला, कशालाही लागू द्यायचं नाही, जंतू आत जातात. मग डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने दोन मिनिटं दाबून धरायचा, म्हणजे औषध घशात न उतरता डोळ्यात राहतं. बाटली उघडली ती तारीख तिच्यावर लिहायची आणि चार आठवड्यांनी ती टाकून द्यायची, उरली असली तरी. मिस्त्रींनी मान डोलावली. मोटारीचं अख्खं इंजिन उतरवणाऱ्या माणसाला एका थेंबाची काय मातबरी.

पहिला दीड महिना त्यांनी थेंब घातलेही. बाटली गॅरेजातच ठेवली होती. संध्याकाळी साडेसहाला शटर ओढण्याआधी घालायचे, घरी विसरायला होतं म्हणून. बायकोलाही ते पटलं होतं. पण थेंबांनी डोळे चुरचुरायचे आणि लाल व्हायचे, सकाळपर्यंत लालच राहायचे. सिस्टरने तेही सांगितलं होतं, की लाली येते, फार झाली तर येऊन सांगा. एके सकाळी शाळेची मुलं नेणाऱ्या गाडीचा मालक आला, मिस्त्रींच्या तोंडाकडे बघत राहिला आणि डोळे मिचकावून म्हणाला, "काय मिस्त्री, रात्री बसला होता वाटतं?"

मिस्त्रींनी हसण्यावारी नेलं. पण चार दिवसांत आणखी दोघांनी तेच विचारलं. आयुष्यात ज्याने दारूचा वास घेतला नाही त्याला लोक पिणारा म्हणायला लागले, ही गोष्ट त्यांच्या फार जिव्हारी लागली. डॉक्टरांकडे जाऊन लाली सांगितली असती तर औषध बदलून मिळालं असतं. ते त्यांना सुचलं नाही असं म्हणणं खोटं होईल. सुचलं होतं. पण त्यापेक्षा सोपं होतं ते त्यांनी केलं. थेंब बंद केले. चार दिवसांत डोळ्यांची लाली गेली, दिसायला आधी दिसत होतं तेवढंच दिसत होतं. मग बंद केल्याने बिघडलं काय?

तपासणीची तारीख मात्र कार्डावर होती. ती आठ दिवसांवर आली तशी मिस्त्री ते कार्ड रोज काढून बघायला लागले. चार दिवस आधी त्यांनी बाटली काढली आणि रोज थेंब घातले, घड्याळ लावून. तपासणीच्या दिवशी डॉक्टरांनी दाब मोजला आणि खूश होऊन म्हणाल्या, "छान. औषध लागू पडतंय. असंच चालू ठेवा."

मिस्त्री बाहेर आले ते शीळ घालत. डोळे पास झाले होते.

त्यानंतर दर चार महिन्यांनी हेच. चार दिवस थेंब, मग तपासणी, मग शाबासकी. दाब उतरवायला त्या औषधाला दोन-चार दिवस पुरतात, आणि डॉक्टर दाब बघणार त्या एका सकाळचा. हे मिस्त्रींना कुणी शिकवलं नव्हतं. त्यांच्या हाताला ते आपोआप आलं. एकच बाटली त्यांना सात-सात महिने पुरायची. ती पत्र्याच्या शेडमध्ये, उन्हाने तापणाऱ्या फळीवर, ग्रीसच्या डब्याशेजारी उभी असायची. दिव्यांच्या यंत्रात बसायला सांगितलं की ते काम पुढे ढकलायचे. आज गिऱ्हाईक खोळंबलंय, पुढच्या वेळी नक्की. अशी दोन वर्षं गेली.

या दोन वर्षांत डावीकडे ठेवलेला चहाचा कप त्यांच्या कोपराने चारदा पडला. डाव्या हाताशी ठेवलेला पाना सापडेना झाला की ते कामगारावर खेकसायचे, आणि पाना तिथेच असायचा. दाराच्या डाव्या चौकटीला खांदा आपटायचा. "वय झालं," असं म्हणून त्यांनी ते सगळं वयाच्या नावावर खपवलं.

मग ती दुपार आली. शाळेच्या गाडीचं गिअरचं काम झालं होतं, आणि मिस्त्री ती रिकामी गाडी घेऊन एक चक्कर मारायला निघाले. बाजाराच्या रस्त्याला त्यांची बायको भाजीची पिशवी घेऊन कडेने येत होती, गाडीच्या डाव्या अंगाला. नवऱ्याला बघून तिने हात वर केला, की थांबतील, घेऊन जातील. मिस्त्रींनी मान तिच्याकडे वळवल्यासारखीही केली. आणि गाडी तिच्या हाताला घासून पुढे गेली. पिशवी फाटली, टोमॅटो रस्ताभर झाले. गाडी थांबली नाही, कारण चालवणाऱ्याला काही झाल्याचं माहीतच नव्हतं.

संध्याकाळी ती दारातच उभी होती. कोपराला पट्टी होती.

"दुपारी तुम्ही मला धडक देऊन गेलात," ती म्हणाली.

मिस्त्रींना आधी हसू आलं, मग पट्टी दिसली. "मी? कुठं?"

"बाजारापाशी. हात केला मी. तुम्ही माझ्याकडं बघितलंत आणि तसेच आलात अंगावर."

"गिअरचा आवाज ऐकत होतो गं. लक्ष नव्हतं."

"लक्ष नव्हतं की दिसलं नाही?"

"लक्ष नव्हतं म्हणतोय ना."

चाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्याच्या आवाजावरून खरं-खोटं ओळखणं तिला काही अवघड नव्हतं. ती म्हणाली, "पुढच्या आठवड्यात डोळ्यांची तारीख आहे. या वेळी मी येणार."

मिस्त्रींनी चार दिवस थेंब घातले. या वेळी घालताना निम्मे गालावर गेले. आपल्याला दिसलं नव्हतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. रस्ता दिसत होता, झाडं दिसत होती, सलग रस्ता होता तो त्यांच्या डोळ्यांना, त्यात कुठे काळा डाग नव्हता की भोक नव्हतं. फक्त त्यात बायको नव्हती. त्या रिकाम्या गाडीत उद्या मुलं असतील आणि कडेने दुसरी कुणी मुलं चालत असतील, हा विचार आला की ते उठून गॅरेजात फेऱ्या घालायचे. आणि तरी थेंब घातले ते तपासणीसाठीच.

तपासणीला ते दोघं त्यांच्याच जुन्या मोटारीतून गेले. मिस्त्रींनी चालवली, अगदी सावकाश. बायको मागे बसली आणि सगळी वाट डावीकडच्या काचेतून बाहेर बघत राहिली.

दाब छान होता. पण या वेळी यंत्र टळलं नाही, कारण बायको म्हणाली, "बसा तुम्ही, मला कसली घाई नाही." मिस्त्री वाडग्यात तोंड घालून बसले आणि दिवे शोधायला लागले. फार वेळ एकही दिवा येईना तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की दिवे येत असणार, आपल्यालाच दिसत नाहीत. मग ते अंदाजाने बटण दाबायला लागले, एक-दोन-तीन, एक-दोन-तीन, ठेक्यात.

"काका," यंत्रावरची मुलगी म्हणाली, "दिवा नसताना दाबताय तुम्ही. यंत्राला कळतं ते."

कागद निघाला. डॉक्टरांनी तो बराच वेळ धरून ठेवला. "मला हे समजत नाहीये," त्या म्हणाल्या. "दर वेळी दाब उत्तम. आणि नस मात्र झपाट्यानं चाललीय. रोज थेंब घालता ना काका?"

"रोज," मिस्त्री म्हणाले. बायकोने त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी बघितलं नाही.

"मग एवढा दाबही तुमच्या नसेला झेपत नाही, असंच म्हणावं लागेल. ऑपरेशन करावं लागेल, आधी डाव्या डोळ्याचं. त्यात धोके आहेत, आहे ती नजरही जाऊ शकते कधीकधी. पण थेंबांनी थांबत नसेल तर दुसरा मार्ग राहत नाही." त्यांनी तारीख लिहिली आणि ऑपरेशनआधीच्या सूचनांसाठी त्यांना सिस्टरकडे पाठवलं.

सिस्टर तीच होती, दोन वर्षांपूर्वीची. तिने नवी बाटली उघडली. "ऑपरेशनपर्यंत थेंब सोडायचे नाहीत. एकदा माझ्यासमोर घालून दाखवा काका, मी सगळ्यांनाच सांगते."

मिस्त्रींनी बाटली घेतली. मान मागे केली. पापणी ओढायची राहिली, मग आठवली, मग सुटली. बाटलीचं टोक पापणीच्या केसांना लागलं. एक थेंब नाकावर, एक गालावर, एक कानाकडे गेला. त्यांनी डोळे घट्ट मिटले आणि हातानेच पुसले. कोपरा दाबायचं तर लक्षातही आलं नाही.

सिस्टरने बाटली त्यांच्या हातातून काढून घेतली. "काका, रोज घालणाऱ्याचे हात असे नसतात."

आता, हे वाक्य दुसऱ्या कुणाला लागलं नसतं इतकं मिस्त्रींना लागलं. नवा कामगार पाना कसा धरतो यावरून तो कुठे आणि किती दिवस शिकलाय हे ते एका नजरेत सांगायचे, आणि खोटं बोलणाऱ्याला त्याच दिवशी घरी पाठवायचे. तेच आज त्यांच्या वाट्याला आलं होतं. इतकी लाज त्यांना लोक पिणारा म्हणाले तेव्हाही वाटली नव्हती.

"आत जाऊन तुम्ही सांगता," सिस्टर हळू म्हणाली, "की मी सांगू?"

मिस्त्री उठले. बायकोही उठली. डॉक्टरांच्या टेबलासमोर उभ्यानेच ते म्हणाले, "मी थेंब घालत नाही. डोळे लाल होतात म्हणून सोडले. तुमच्याकडं यायच्या आधी चार दिवस घालतो. दोन वर्षं असंच चाललंय. आठवड्यापूर्वी मी हिला गाडी घासून गेलो, मला ती दिसली नाही. मघाशीही खोटं बोललो."

डॉक्टर रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मिस्त्रींना बरं वाटलं असतं. त्यांनी लिहिलेली तारीख खोडली. "मी कारण नसताना डोळ्यात सुरी घातली असती काका," एवढंच म्हणाल्या. मग फाइलमधून जुना कागद काढला आणि आजच्या कागदाशेजारी ठेवला. जुन्यावर ती कडेची राखाडी छटा. आजच्यावर डाव्या डोळ्याचा अर्ध्याहून जास्त भाग काळा, आणि उजव्यालाही नाकाच्या बाजूने काळं चढत आलेलं.

मिस्त्रींनी जुन्या कागदावर बोट ठेवलं. "रोज घातले असते तर हे असंच राहिलं असतं?"

"छातीठोक सांगता येत नाही. पण बहुतेक असंच राहिलं असतं."

"आणि आता?"

"आता रोज घातले तर हे असं राहील," त्यांनी नव्या कागदावर हात ठेवला. "अशी आशा करू. लाली येते म्हणालात, तर औषध बदलून देते. ऑपरेशन सध्या थांबवू. आणि पुढची तारीख मी देणार नाही. सकाळी फोन येईल, त्याच दिवशी यायचं." मग म्हणाल्या, "गाडी आजपासून बंद. गॅरेजच्या दारापर्यंतसुद्धा नाही."

मोटार बाहेर उभी होती आणि किल्ली मिस्त्रींच्या खिशात होती. बायकोला चालवता येत नव्हती. तिने मुलीला फोन केला. मुलगी अर्ध्या तासाने कामावरून तशीच आली, काही न विचारता हात पुढे केला आणि किल्ली घेतली. तिला गाडी मिस्त्रींनीच शिकवली होती. ते शेजारच्या जागेवर बसले. तिला शिकवतानाचे दिवस सोडले तर चाळीस वर्षांत या जागेवर ते बसले नव्हते. पाय कुठे ठेवावेत कळेना.

त्यांनी मनाशी ठरवलं की आज नीट बघायचं. कसला आवाज ऐकायचा नाही, कसला विचार करायचा नाही. समोरचा रस्ता आणि त्याची डावी कड, एवढंच. ते डोळे ताणून बघत होते. रस्ता मोकळा होता. भिंत गेली, दुकानं गेली, झाडं गेली. सगळं लख्ख दिसत होतं, आणि त्यांच्या मनात नको ती आशा डोकावली, की यंत्राचंच काही चुकलं नसेल ना.

मुलीने ब्रेक दाबला. गाडीसमोर एक शाळकरी मुलगी उभी होती, दप्तर पाठीला, हातात पाण्याची बाटली. तिने गाडीकडे बघितलं आणि रस्ता ओलांडून गेली.

"कुठनं आली ही?" मिस्त्री म्हणाले.

"कुठनं म्हणजे? कडेनं चालत होती बाबा. मघापासून. मी म्हणूनच सावकाश घेतली."

गाडी पुन्हा चालू लागली. बऱ्याच वेळाने त्यांनी खिशातली नवी बाटली काढली आणि मान पूर्ण मागे वळवून, बायको दिसेपर्यंत वळवून, ती तिच्या हातात दिली.

"ही तुझ्यापाशी ठेव. रोज संध्याकाळी तू घाल," ते म्हणाले. "मी घातले म्हटलं तरी ऐकू नकोस. समोर बसवून घाल."